बांधावर बसले आहे, तुझी गोफण घेऊन

आक्का, मागच्या आठवड्यात तुझा हरभरा खळ्यावर आला. पहिला भारा पडला तेव्हा मी मूठभर घाटे उचलून तळहातावर चोळले. घाट्याघाट्याला भोक होतं, आत दाणा थोडा आणि भुसा फार. तू असतीस तर पदर खोचून अळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. मी नुसता भुसा फुंकून टाकला. मला ज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आहे तो अळीपेक्षा मोठा आहे, दोन पायांवर चालतो आणि एकादशी धरतो.

तुला जाऊन महिना उलटला. घरात सगळे म्हणतात, गेलेल्या माणसाला आता सुखानं जाऊ द्यावं, सारखं त्याच्याशी बोलू नये. पण सुखानं गप्प बसणं तुला जन्मात जमलं नाही, ते आताच कसं जमेल? तेव्हा मी बोलणार. तुझी धाकटी जाऊ हौसा, जिला तू चारचौघांत ‘सातवी पास’ म्हणून चिडवायचीस, ती आज तुला सगळं लिहून कळवते आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. आता तिकडे कुणाकडून तरी वाचून घे, आणि वाचणाऱ्याच्या चुका काढत बसू नकोस.

मी अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भातखाचरांतली पोर. मिरजगावच्या या काळ्या, झाडाला महाग असलेल्या रानात लग्न होऊन आले तेव्हा मला ज्वारीची भाकरी गिळवत नव्हती. तू ती दुधात कुस्करून माझ्यापुढे ठेवलीस आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, “दात तरी हायेत का बगा हिला, का निस्ता भातच गिळून मोठी झालीय.” मी चुलीमागे जाऊन रडले. पुढच्या बाजाराला तूच पदराखाली तांदूळ लपवून आणलास. तुझं सगळं असंच होतं, आधी चिमटा आणि मग फुंकर. फुंकरीचं कुणाला कळू नये म्हणून पुन्हा एक चिमटा.

दुष्काळात आपण दोघी खडी फोडायला एकाच ढिगाऱ्यावर बसायचो. कामावर खायला मिळणारी तुझ्या वाटची सुकडी तू माझ्या पदरात टाकायचीस आणि म्हणायचीस, “माज्या दाताला चिकटती ती.” तुझ्या दाताला बाभळीची शेंगसुद्धा चिकटली नसती. ते मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते आहे, कारण आता तू मला गप्प करू शकत नाहीस.

दुष्काळ सरला आणि यंदा रान पुन्हा हिरवं झालं. तेव्हापासून तुझी ती जुनी खोड परत सुरू झाली, जिला सारं शिवार हसायचं. आपल्या ज्वारीत आपण माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकायचो. पण खालच्या हरभऱ्यात मात्र तू बाभळीच्या वाळक्या फांद्या रोवायचीस, पाखरांना बसायला. वर शिळ्या भाकरीचा चुरा फेकायचीस, साळुंक्यांना बोलवायला. ज्वारीत गोफण आणि हरभऱ्यात आवतण, असं बायका म्हणायच्या. मीही म्हणायचे.

मग एका सकाळी तू मला हाताला धरून बांधावरच्या बाभळीखाली बसवलंस. समोरच्या झाडाच्या शेंड्यावर हिरवी अळी ऊन खात, पान कुरतडत बसली होती. काळा कोतवाल पक्षी येऊन तुझ्या फांदीवर टेकला. त्यानं अजून खाली बघितलंसुद्धा नव्हतं. तरी अळी थबकली, तिनं डोकं उचललं, अंगाची गुंडाळी केली आणि टपकन मातीत पडली.

“मेली?” मी विचारलं.

“मेली न्हाई, भेली,” तू म्हणालीस. “आता ती लवकर वर चडायची न्हाई. खालच्या पिवळ्या पानांत दडून बसल. तंवर शेंडा वाचला. पाखरू खातं थोडं, भेव घालतं लई.”

तुझं म्हणणं असं की पाखरानं अळी मारायलाच हवी असं नाही. ते तिथे बसलं पाहिजे, एवढंच. गांधीलमाशीच्या नुसत्या गुणगुणण्यानं अळ्या खाणं सोडून दगडासारख्या पडून राहतात, हे तू मला दाखवलंस. करडईवरच्या माव्यात लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा शिरला की मावा पटापट खाली टपकतो, तेही दाखवलंस. भ्यालेल्या किड्याचं पोट भरत नाही, हा तुझा सिद्धांत होता.

मला तो पटला नाही. आमच्या डोंगरात भातावरून दोर ओढतात, किडे खाचरातल्या पाण्यात पडतात आणि बेडूक ते गिळून टाकतात. तिथे विषय संपतो. मी तुला म्हटलं, “आक्का, भ्यालेली अळी उपाशी राहत नाही. ती घाट्यात तोंड खुपसते आणि आत बसून खाते. उघड्यावर खायची ती चोरून खायला लागते. ही कीड जास्त वाईट.”

“तोंड आत घालू दे की,” तू म्हणालीस. “शेपूट तर भाईर ऱ्हातं ना? कोतवाल शेपटाला धरून वढतो.”

“आणि बारकी अळी? ती शेपटासकट आत जाते.”

त्यावर तू मला, तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, ‘लई शानी’ म्हणालीस आणि भांगलायला निघून गेलीस. तो वाद आपण भाकरी थापताना, धुणं बडवताना, मिरजगावच्या बाजारात चालत जाताना घातला. तो संपला नाही. मला वाटायचं, म्हातारपणापर्यंत पुरेल.

एकदा मात्र तू हरलीस, आणि ते मी लिहून ठेवते. पाखरं कमी होती म्हणून तू तुराट्यांना दोरीनं पत्र्याचे तुकडे बांधलेस. वाऱ्यानं ते गांधीलमाशीसारखे घुंई करायचे. सुरुवातीला अळ्या थिजल्या. तू गावभर मिरवलीस. मग त्यांना कळलं की या आवाजापुढे काहीच येत नाही, आणि त्या पत्र्याखालीच बसून चरायला लागल्या. मी हसू दाबत होते, ते तुला दिसलं. तू पत्रे सोडवता सोडवता म्हणालीस, “निस्त्या आवाजाला अळीबी लई दिस फसत न्हाई. भेव खरं ठेवायचं तर अधनंमधनं येखादी उचलावी लागती.” हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं. आता ते मला फार उपयोगी पडलं आहे.

आता त्याच्याकडे येते. बांधापलीकडचा तात्याबा. देवळात टाळ धरणारा, कुणाच्याही मयताला आधी हजर असणारा, गोड बोलणारा तात्याबा. त्याची ज्वारी आपल्या हरभऱ्याला लागून. त्याचं म्हणणं, तुझ्या फांद्यांवर बसलेली पाखरं त्याच्या कणसांवर उतरतात. तू त्याला सांगितलंस की कोतवाल दाणा खात नाही. तो म्हणाला, पाखरू ते पाखरू. तुझं तोंड सुटलं. तू चावडीपुढे सगळ्यांदेखत त्याला म्हणालीस, “तुझ्या डोळ्यांस्नी चिमनी अन् कोतवालातलं कळंना, अन् तू शेती करतूस व्हय? जा, घरी बसून वाती वळ.” लोक हसले. तात्याबाही हसला. मी त्याच्याकडे बघत होते. ओठ हसत होते, पण तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

आपल्या शिवारात एक रीत आहे, ती कुणी लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीला खुडायला कुणी कुणाला नाही म्हणत नाही, बांध कुणाचाही असो. म्हणून ज्यानं पिकावर औषध मारलं त्यानं बांधावर लाल चिंधी बांधायची आणि मोठ्यानं हाक द्यायची, “औषद मारलंय गं, भाजी खुडू नका.” एवढी एक हाक द्यायची असते, आणि ती चुकवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

संक्रांत जवळ आली होती. तुझं पोट बिघडलं होतं आणि तुझं औषध ठरलेलं. पहाटे धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून फिरवायचं, पानांवरची आंबट दहिवरं त्याला टिपून घ्यायची आणि पिळून प्यायची. या आंबेवर तुझा डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा. मी चरवी घेऊन मागून आले तेव्हा तू फांद्यांपाशी उभी होतीस आणि फडकं पिळून वाटीत धरलेली आंब पिऊन संपवली होतीस. बांधावर चिंधी नव्हती. “आज लईच कडू लागली,” तू म्हणालीस आणि तोंड पुसलंस. मग मला म्हणालीस, “हितं कसला वास येतोय गं?”

पुढचं मी तुला सांगत नाही, ते तुझ्या अंगावरूनच गेलं आहे. तुला आकडी आली. मी ओरडले. माझ्या हाकेला सगळ्यांत आधी धावत आला तो तात्याबा. त्यानंच गाडी जुंपली, त्यानंच बैल हाणले, मिरजगावच्या दवाखान्याच्या वाटेवर त्यानंच तुझ्या डोक्याखाली स्वतःचं मुंडासं ठेवलं. सडक लागायच्या आधी तू गेलीस. जाताना तू माझं मनगट धरलं होतंस आणि एवढंच बोललीस, “फांद्या उपटू नगंस.” मला वाटलं होतं, निदान एकदा तरी मला नावानं हाक मारशील. पण तुला शेवटच्या घडीलाही कोतवालाची काळजी.

गावानं सरळ सांगितलं, पोट आधीच बिघडलं होतं, आतड्याला पीळ पडला. दादांनी, तुझ्या नवऱ्यानं, मान हलवली. मी दुसऱ्या दिवशी रानात गेले. तुझ्या फांद्यांखाली कोतवाल मरून पडला होता, पाय वर, चोच उघडी. पलीकडे दोन साळुंक्या. फांद्यांची साल पांढुरकी, तेलकट झाली होती आणि तोच वास येत होता जो फवाऱ्याच्या पंपाला येतो. खालची हरभऱ्याची पानं करपायला लागली होती. मी तिथेच खाली बसले आणि मला एक गोष्ट आठवली. माझी हाक ऐकून तात्याबा धावत आला, तो वाटेवरून आला नव्हता. तो ज्वारीतून आला होता. अंधुक उजेडात, दहिवरानं भिजलेल्या ज्वारीत उभं राहून माणूस काय करत होता?

दहाव्याला आम्ही सीना नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवले. तुझ्या आवडीचं सगळं वाढलं, तिखटजाळ पिठलंसुद्धा. कावळा येईना. ऊन चढलं तरी आभाळ रिकामं. लोक एकेक करून पुढे यायला लागले. दादा म्हणाले, पोरीचं लग्न चांगल्या घरात करीन. तुझ्या भावानं काहीतरी कबूल केलं. कुणी म्हणालं, आक्काचा जीव हरभऱ्यात अडकलाय. तात्याबासुद्धा हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, “आक्का, तुज्या रानाकडं मी ध्यान ठिवीन.” आक्का, माझ्या हातात तेव्हा तांब्या होता. तो मी त्याच्या टाळक्यात घातला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

कावळा कुठून येणार होता? पाखरं मारून ठेवणाराच पिंडापुढे हात जोडून उभा होता. नदीकाठच्या त्या लोकांना तुझी इच्छा अपुरी राहिली असं वाटत होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सगळे सुटलो म्हणत घरी निघाले. मी निघताना तुला मनात एक शब्द दिला. तो तुझ्या पोरीच्या लग्नाचा नव्हता.

मला वाटलं होतं, विळा घेऊन त्याच्या दारात जावं. तुला माहीत आहे, मी मारून विषय संपवणाऱ्यांतली. पण मी विळा घेतला नाही. खुंटीवरची तुझी गोफण घेतली, तीच, जी मला शिकवताना तू माझ्या कानशिलावर दोनदा मारली होतीस. ती घेऊन मी बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. म्हटलं, एकदा आक्काच्या पद्धतीनं करून बघू.

तात्याबा रोज दुपारी त्याच्या विहिरीपाशी, माझ्या बरोब्बर समोर, जेवायला बसतो. मी काही बोलायची नाही. गोफणीत गोटा घालून मांडीवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी त्यानं हात वर करून विचारलं, “वैनी, पाखरं तर न्हाईत, मग गोफन कशाला?” मी गोटा गोफणीत नीट बसवला. पूर्वी मी त्याला भावजी म्हणायचे, तेही सोडलं. तो भाकरी घेऊन विहिरीच्या पलीकडे सरकला. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली. तो झाडामागे गेला, मी बांध चालून पुढे गेले. मग तो ज्वारीत शिरून जेवायला लागला. उघड्यावरची अळी खालच्या पानांत जाते ती अशी, आक्का. तू दाखवलं होतंस अगदी तसंच. मला खोटं बोलवत नाही, मला बघताना गोड वाटत होतं.

पण तुझे पत्रे मला आठवत होते. काही दिवसांनी त्याला कळलं की ही बाई नुसती बसते, करत काही नाही. तो पुन्हा विहिरीपाशी आला, पाय पसरून बसला, माझ्याकडे बघत त्यानं कांदा फोडला आणि मचामचा जेवायला लागला. तेव्हा मी उठले आणि गोफण फिरवली. त्याच्या गुडघ्याशेजारचं पाण्याचं मडकं फुटलं. खापऱ्या त्याच्या भाकरीत पडल्या. तो ओला होऊन तसाच बसून राहिला. मी पुन्हा गोटा घातला आणि खाली बसले. तू शिकवलेला नेम अजून शाबूत आहे.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. त्याची बायको कौसाबाई आपल्या दारात आली. तिचा यात काही दोष नाही, म्हणून मी तिला पाट दिला, पाणी दिलं.

“वैनी, भाकर मोडत्यात अन् तशीच ठिवत्यात,” ती म्हणाली. “घरात बसलं तरी दाराकडं बघत्यात. सदरा बगा कसा लोंबतोय अंगावर. काय झालंय ते सांगत न्हाईत. तुमी दोन शिव्या द्या, पर असं बसू नगा.”

“आमची आक्काही काही सांगून गेली नाही,” मी म्हटलं. “त्यांनाच विचारा, आक्काला काय झालं ते.”

ती गेल्यावर दादा ओट्यावरून म्हणाले, “हौसा, गेलेलं मानूस परत येत न्हाई. त्येला भ्या घालून काय मिळनार हाय?” मी त्यांना पहिल्यांदाच उलटून बोलले. म्हटलं, “तुम्हाला पिठलं मिळतंय ना वेळच्या वेळी? मग गप्प बसा.” तू घरात असतीस तर मला थोबाडीत मारली असतीस. आणि मग चुलीपाशी येऊन हसली असतीस.

हरभरा उपटून झाला. रान मोकळं झालं त्या दिवशी दुपारी तात्याबा स्वतःहून बांधावर आला. टोपी हातात होती. माझ्यापासून गोफणीच्या फेकीच्या आत येऊन उभा राहिला, म्हणजे मरायची तयारी करूनच आला असावा.

“मारा येकदा,” तो म्हणाला, “पर बसू नगा.”

मी गोफण उचलली नाही. म्हटलं, “त्या पहाटे ज्वारीत काय करत होता?”

तो खाली बसला. “फांद्यांवर औषद म्या मारलं. आदल्या सांजंला. पाखरं मरावीत म्हून. खाली हरभरा हाय, ह्ये ध्यानातच आलं न्हाई. मागनं आलं. मंग पहाटं उठून बगाया आल्तो, चिंदी बांदावी का न्हाई त्या इचारात. तवर आक्का आली. फडकं फिरवायला लागली.”

“तुम्ही बघितलंत?”

“बगितलं.”

“पिळताना बघितलंत? पिताना?”

त्यानं हातातली टोपी मातीवर ठेवली. मग म्हणाला, “वैनी, हाक गळ्याशी आल्ती. पर म्हनलं, हाक दिली तर तिला कळनार, तिच्या रानात शिरून म्या औषद मारलं. मंग ती पुन्यांदा चावडीपुडं माजी काढनार. तिच्या तोंडाचं लई भ्या वाटायचं मला. म्हनलं, घोटभर आंबंनं काय व्हतंय. अन् दडून बसलो.”

आक्का, मी तिथे रडले नाही. घरी येऊन रडले, आणि तेही रागानं. सारा हंगाम घातलेला आपला वाद त्याच्या त्या एका वाक्यानं संपवला. भ्यालेली अळी घाट्यात शिरते, हे मी तुला सांगत होते ना? तुझ्या भीतीनं तो उघड्यावर यायचा थांबला, तुला वाटलं तसाच. आणि आत बसून त्यानं तुझा जीव खाल्ला. वाद मी जिंकले. मला तो जिंकायचा नव्हता. मला तो मिरजगावच्या बाजारात जाता येता, डोक्यावर पाटी घेऊन, म्हातारपणापर्यंत घालायचा होता. आता जिंकून मी कुणापुढे नाचू? तुझं तेवढं खरं की शेपूट बाहेर राहिलं होतं. मी धरून ओढलं.

तो हात जोडून म्हणाला, “आता सोडा. गावात न्हाई बोलनार ना?”

मला हसू आलं. म्हटलं, “मी कशाला बोलू? तुम्हीच बोलणार आहात. त्या पहाटे जी हाक गळ्याशी अडकली, ती आता बाहेर काढायची. रोज. आंबेच्या वेळेला. याच बांधावर, लाल चिंधी बांधून. आक्काचं नाव घेऊन, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी.”

“पर रानात काय न्हाई आता, वैनी. पीक निगालं.”

“आक्काही नाही. हाक तर आहे ना?”

“किती दिस?”

“गोफण मी खाली ठेवीपर्यंत.”

मला वाटलं होतं येणार नाही. पण भीती खरी होती, मडकं फुटलेलं त्यानं पाहिलं होतं. पहिल्या पहाटे त्याचा आवाज फुटेना. मी म्हटलं, “ऐकू आलं नाही.” मग तो ओरडला. वस्तीवरचे लोक उठून बाहेर आले. कौसाबाई दारात उभी राहिली. दादा गोठ्यातून दावं हातात धरून तसेच बांधापर्यंत आले. तात्याबाच्या तोंडून तीच हाक दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांना सगळं कळलं. कुणी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दादा परत फिरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवसापासून ते मला सोडून दे म्हणत नाहीत.

लोक आता उलट बोलतात. म्हणतात, बाईमाणसाच्या जिवात एवढा डूख बरा नव्हे, त्यानं कबूल केलं, झालं, उठावं आता. मी उठत नाही. तुझ्या फांद्या तशाच रोवलेल्या आहेत. साल तासून काढली आणि पुन्हा धुतल्या. पाखरू अजून एकही आलेलं नाही. ती कधी येतील मला माहीत नाही. येईपर्यंत त्या जागी कुणीतरी बसायला पाहिजे, म्हणून मी बसते.

आज पहाटेही तो आला. चिंधी बांधली, टोपी काढली आणि मोकळ्या रानाकडे तोंड करून ओरडला, “आक्का, आंब घेऊ नगंस. औषद मारलंय.” आवाज बांधावरून खाली विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. तो थांबला, जणू तू कुठून तरी बोलशील आणि त्याला सुटका मिळेल. उद्याही तो येईल, परवाही येईल, असाच थांबेल. तू नेहमी पहिल्या हाकेला ओ देणारी. आक्का, त्याला ओ देऊ नकोस.